आमादेउच्या पिंपावरची फुली

मंगळवार, ५ फेब्रुवारी २०१३. गाया

ही वही माझ्या हाताखाली शिकणाऱ्या इदालिनाने नाताळात दिली. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार, तेव्हा डोक्यात आहे ते कागदावर उतरवा, नाहीतर मागे राहिलेल्यांनी चाचपडत बसायचं का, असं तिचं म्हणणं. महिनाभर वही कोरीच राहिली. आज लिहितोय, कारण डोक्यातलं खरंच सांडता सांडता वाचलं.

सकाळी वाइनच्या कोठाराच्या जिन्यावरून घसरलो. पायऱ्या ओल्या होत्या. तीन पायऱ्या पाठीवर घेतल्या आणि चौथी डोक्याच्या मागच्या बाजूला. इदालिनाने हाका मारून अख्खं कोठार गोळा केलं. लिंबाएवढं टेंगूळ आलंय, बाकी काही नाही. डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती. म्हटलं, मला काय नवशिका समजतेस? माझा बाप याच जिन्यावरून दोनदा पडला आणि नव्वद वर्षं जगला.

पुढे कोणी ही वही वाचलीच तर म्हणून लिहून ठेवतो. मी बाझिलियु सारमेंतु, पोर्ट वाइनचा पारखी. बाप पारखी, आजा पारखी. बेचाळीस वर्षं मी याच कोठारात पेल्यात नाक घालतोय. या गाया शहरापासून वरच्या दोउरू खोऱ्यापर्यंत माझ्या नाकाचा शब्द अखेरचा मानतात. मी पिंपावर खडूने टिंब काढलं की वाइन राहते, फुली मारली की ओतून टाकतात. एकदा मारलेली फुली पुसायला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी पुसली नसती.

शनिवार, ९ फेब्रुवारी

ओतिलियाला स्वयंपाकाचा कंटाळा आलेला दिसतो. छत्तीस वर्षं संसार केल्यावर येणारच. पण म्हणून कोबीचं सूप असं? नुसतं गरम मीठपाणी. मी म्हटलं, यात सॉसेज घालायची राहिली वाटतं. तिने पळीने सॉसेजचे चार तुकडे वर काढून दाखवले आणि निघून गेली. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या कॉफीचंही तेच. बिया बदलल्यात म्हणून मालकाला सुनावलं तर शपथा घ्यायला लागला.

बुधवार, २० फेब्रुवारी

धाकट्या मालकांनी बोलावून घेतलं. त्यांना खूप जुनी, पिंपातच मुरलेली वाइन हवी आहे. शंभर वर्षांच्या पुढची, साऱ्या खोऱ्यातल्या द्राक्षवेली मारणारी ती कीड यायच्या आधीची. खोऱ्यातल्या जुन्या घरांत अशी पिंपं अजून पडून आहेत, भिंतीआड, चाऱ्याच्या खोलीत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. "ती शोधायला तुमच्याशिवाय कोण आहे?" म्हणाले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

सध्या कोठारातल्या सगळ्या वाइन मिटून बसल्यात. थंडीत असं होतं. पेला नाकाशी नेला की दारू नीट झोंबते, पण तिच्यामागून काही येत नाही. नवे पेले आणलेत त्यांच्या धुण्याच्या साबणाचाही दोष असणार. माझं काही अडत नाही. ही पिंपं मला पाठ आहेत, रंग पाहून सांगतो. इदालिना मात्र हल्ली माझ्यानंतर प्रत्येक पेला पुन्हा हुंगते. मी चिडवलं, नाक ठीक आहे ना तुझं? ती हसली नाही.

मंगळवार, ५ मार्च. फोंतेलाशहून परतल्यावर

आजचा धक्का अजून उतरलेला नाही. नीट लिहितो.

फोंतेलाश हे खोऱ्याच्या पार वरच्या टोकाचं गाव, तीसेक उंबऱ्यांचं. तिथल्या दोना पेर्पेतुआ या विधवा बाईंचं पत्र आलं होतं. वय एकोणऐंशी. नवरा आमादेउ गेल्या शरदात गेला. घराच्या मागे एक पिंप आहे, नवऱ्याच्या पणजोबांपासूनचं, येऊन बघता का, एवढंच लिहिलं होतं. इदालिना सर्दीने आजारी म्हणून मी एकटाच गेलो.

चाऱ्याच्या खोलीत मागची भिंत कोरून एक अरुंद कोनाडा केलेला, आणि त्यात ते पिंप. बाई म्हणाल्या, आधी तीन होती. वाइन दरवर्षी उडते, तसतशी पणजोबांनी तिन्हींची दोन केली, सासऱ्यांनी दोनांचं हे एक. मी वरचं बूच काढलं आणि पहिला धक्का बसला. पिंप काठोकाठ भरलेलं. दीडशे वर्षांची वाइन काठोकाठ असेल तर कोणीतरी वरून नवी ओतलेली असते, हे या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे खेळ खलास.

मी बाईंना सरळ विचारलं, दरवर्षी भर कशाची घालत होता?

त्यांनी मला हाताला धरून पिंपाजवळ नेलं आणि बुडावर थाप मारायला लावली. आतून खडखड आवाज आला. दगड! आमादेउ दर उन्हाळ्यात नदीवर जायचा, अंजिराएवढे पांढरे गोटे वेचून आणायचा, तीनदा उकळायचा, आठवडाभर उन्हात वाळवायचा आणि जेवढी वाइन उडाली असेल तेवढेच गोटे एकेक करून बुचाच्या भोकातून आत सोडायचा. म्हणजे वाइन वर येते, हवेला जागा राहत नाही, आणि नव्या वाइनचा एक थेंबही आत जात नाही. एकेचाळीस वर्षं हेच. मी पुष्कळ कोठारं पाहिलीत, पण असा वेडा पाहिला नव्हता. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा हेवा वाटला.

"शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं होतं त्यांचं," बाई म्हणाल्या. "त्याच्या आधी म्हणाले, पेर्पेतुआ, एक दिवस गायाहून माणूस येईल आणि याला नाक लावेल. तो काय म्हणतो ते मला थडग्यावर येऊन सांग. गावाने जन्मभर हसून घेतलंय, साहेब. गोटेवाला आमादेउ म्हणायचे. मीही म्हणायची."

मी नळी घालून पेलाभर काढली. रंग असा की माझा हातच थांबला. कडेला हिरवी झाक, मध्ये जुन्या सागवानासारखा, पेल्याला काकवीसारखी चिकटणारी. बाई एप्रनला दोन्ही हात पुसत उभ्या.

आणि मग दुसरा धक्का. नाक घातलं तर काही नाही. दारू झोंबली आणि संपलं. पुन्हा घातलं, पेला फिरवला, तळव्याने ऊब दिली, पाच मिनिटं थांबलो. जिभेला गोड आणि झणझणीत आंबट, पण त्यापलीकडे भिंत. असं रूप आणि आत जीव नाही! इतकी वर्षं पेले हुंगतोय, पण इतकी सुंदर आणि इतकी मेलेली वाइन मी पाहिली नव्हती.

खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. सांगितलं, "बाई, ही गेलेली आहे. कधीच गेलीय."

त्यांनी विचारलं, "त्यांच्या हातून गेली का?"

म्हटलं, सांगता येणार नाही. हे मी मऊपणाने बोलू शकलो असतो, तसं बोललो नाही. पिंपावर खडूने फुली मारली. त्यांनी फुलीकडे पाहून मान हलवली आणि ईस्टरच्या आधीच ओतून टाकायची ना, असं विचारलं. इथली रीतच आहे. ईस्टरच्या रविवारी पाद्री क्रूस घेऊन घरोघर येतो, तेव्हा घरात मेलेली वाइन नसावी. म्हटलं, हो, आधीच. रिवाजाप्रमाणे नमुन्याची छोटी बाटली भरून घेतली. निघताना त्यांनी मला अंजिराचा मुरंबा दिला, आणि मी तो घेतलासुद्धा.

बुधवार, ६ मार्च

नमुना फडताळात ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं, फोंतेलाश, मृत. मालकांना कळवलं. मुरंबा ओतिलियाला दिला, तिला फार आवडला. मला नुसती साखर लागली.

शनिवार, १६ मार्च

ओतिलियाचं काही कळत नाही. आज तीन वेळा माझ्या अगदी जवळ येऊन बसली आणि विचारलं, काही वेगळं वाटतंय का? मी केसांकडे पाहिलं, कानातल्यांकडे पाहिलं, नवा झगा का म्हणून विचारलं. झगा चार वर्षांचा निघाला. ती उठून न्हाणीघरात गेली आणि डोळे लाल करून बाहेर आली. नंतर बराच वेळ कोणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी विचारलं, कोण? तर म्हणे इदालिना. या दोघींची कधीपासून एवढी मैत्री?

तपासणीच्या खोलीला रंग देताहेत. हल्लीच्या रंगाला वास कसला तो नसतो. इदालिना मात्र खोकत बाहेर गेली. आजकालच्या मुली नाजूक.

गुरुवार, २८ मार्च

आजचं लिहावंसं वाटत नाही. तरी लिहायलाच हवं.

उद्यापासून ईस्टरची सुट्टी, म्हणून आज इदालिना फडताळ आवरत होती. मेलेले नमुने फेकायचे असतात. फेकण्याआधी तिने एकेक बूच उघडलं. मी शेजारच्या खोलीत होतो. काहीतरी फुटल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर पेला खाली पडून फुटलेला आणि ही टेबलाला धरून उभी, हातात माझ्या चिठ्ठीची बाटली.

"साहेब, हे काय आहे?"

म्हटलं, चिठ्ठी वाच. मेलेली आहे.

तिने दुसरा पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. मी हुंगलं, मान हलवली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, इदालिना, मालकांना खूश करायला मढ्यात वास शोधू नकोस. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही.

ती आत गेली आणि तीन पेले घेऊन आली. म्हणाली, यातली जुनी कोणती ते सांगा, माझी चूक असेल तर मी आज नोकरी सोडते. रंग तिन्हींचा सारखाच. मला हसूच आलं. तिन्ही पेले हुंगले, त्यातल्या त्यात तिसरा जरा बरा झोंबला. तिसरा उचलून तिच्या हातात दिला.

"जळकी साखर, पाणी आणि दारू," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

मी पुन्हा हुंगलं. पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला. टेबलावर कॉफीच्या बियांचा डबा होता, त्यात तोंड घातलं. भिंतीला तोंड लावून नवा रंग हुंगला. कोटाची बाही हुंगली. कुठेच काही नव्हतं. जगाला वासच नव्हता, आणि मी दोन महिने जगालाच बोल लावत होतो.

मला खुर्चीत बसवून तिने जिन्यावरून पडल्याची आठवण करून दिली. डोक्याच्या मागे मार बसला की असं होतं म्हणे. ओतिलियाने आधीच ओळखलं होतं. त्या शनिवारी तिने अत्तर लावलं होतं. छत्तीस वर्षं तिने माझ्या नाकापायी अंगाला अत्तर लावलं नव्हतं, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी मानेला, मनगटाला, झग्याला, सगळीकडे लावलं, माझ्या शेजारी येऊन बसली, आणि मी तिला झगा विचारला. दोघींनी मिळून ठरवलं होतं, ईस्टर झाल्यावर मला सांगायचं. सण खराब नको म्हणून.

ईस्टर म्हणताच मी उभा राहिलो. फुली आठवली. ईस्टरच्या आधी ओतून टाका, मीच सांगून आलो होतो.

शुक्रवार, २९ मार्च

फोंतेलाशमध्ये बाईंच्या घरी फोन नाही. गावच्या दुकानाचा नंबर मिळवला, तर आज गुड फ्रायडे, दुकान बंद. पाद्रीही उचलत नाही. गाडी इदालिनाच्या भावाकडे, ती उद्या सकाळी मिळेल. दिवसभर खिडकीशी बसलो. ओतिलियाने खारा मासा केला, मी जेवलो, चांगला झालाय म्हटलं. "तुला काय कळतंय," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला लाज वाटली. दोन महिने या बाईच्या हातच्या जेवणाला नावं ठेवली.

शनिवार, ३० मार्च. फोंतेलाश

गाडी गावाच्या खाली चर्चपाशी लावली आणि चढ चढायला लागलो. इदालिना पुढे. बाईंचं घर अजून शे-दोनशे पावलं असताना ती रस्त्यातच थांबली. हात नाकातोंडावर घेतला आणि डोळे मिटले. मी विचारलं, काय झालं? आजूबाजूला पाहिलं तर कुंपणांपाशी माणसं उभी. एक म्हातारा टोपी काढून उभा, दोन बायका कपडे वाळत घालता घालता थांबलेल्या, सगळ्यांची तोंडं वर, घराकडे. मी जोरात श्वास घेतला, पुन्हा घेतला. माझ्या छातीत नुसती थंड हवा गेली.

तेव्हा मला कळलं की आम्हाला उशीर झालाय. वास मला आला नाही, तो मी त्यांच्या तोंडांवर पाहिला.

मी धावलो. या वयात, त्या चढावर. दोना पेर्पेतुआ द्राक्षांच्या पहिल्या ओळीत, आमादेउने लावलेल्या वेलींच्या बुंध्याशी बादली रिकामी करत होत्या. माती काळी आणि ओली, ओळीच्या ओळी. पिंप शेजारच्या पोरांकडून अंगणात आणवून आडवं केलेलं, माझी फुली वरच्या बाजूला. तोटीतून बारीक धार चालू होती. इदालिनाने झेप घेऊन तोटी बंद केली.

बाईंनी बादली खाली ठेवली. म्हणाल्या, सकाळपासून सगळे येऊन उभे राहताहेत, मला काही समजेना. मेलेल्याचा असा वास असतो का हो, साहेब? मी थांबणार होते. पण तुमची फुली होती.

इदालिनाने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार नाही हे मला दिसत होतं. चढ चढताना हाच विचार डोक्यात घोळत होता. सांगितलं तर या बाईने स्वतःच्या हाताने काय ओतलं ते तिला कळेल. नाही सांगितलं तर नवऱ्याचा जन्म फुकट गेला, हेच घेऊन ती मरेल. मला दोन्ही सहन होत नव्हतं.

म्हटलं, "बाई, ती मेलेली नव्हती. माझं नाक मेलंय. मी पडलो होतो, मला माहीत नव्हतं. चूक माझी, सगळी माझी."

त्या उपड्या बादलीवर बसल्या. मी वाट पाहिली, आता शिव्या देतील, आता दगड मारतील. त्यांनी वाकून ओली माती मुठीत घेतली.

"चांगली होती?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे नाही, इदालिनाकडे पाहिलं.

इदालिना म्हणाली, "मावशी, अशी मी कधी घेतलेली नाही. पुन्हा मिळणारही नाही."

"म्हणजे ते बरोबर होते," बाई म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके द्यायला लागल्या. "आणि मी साडेतीन आठवडे जपमाळ घेऊन त्यांना बोल लावतेय. म्हटलं, एकेचाळीस वर्षं गोटे उकळलेस, आमादेउ, माझं सरपण जाळलंस, आणि कशासाठी? रोज बोलत होते हो. रोज."

त्या रडत होत्या की हसत होत्या, मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी त्यांच्यासमोर मातीत बसलो आणि मलाही रडू आलं.

दुपारभर इदालिनाने पिंपाचं बूड उघडून गोट्यांमधून जे निथळलं ते चाळणीने गाळलं. तीन बाटल्या आणि एक पेला. अर्ध्याहून जास्त पिंप गोट्यांनीच भरलेलं होतं. पांढरे गोटे आता मधाच्या रंगाचे झालेत.

रविवार, ३१ मार्च. ईस्टर, फोंतेलाश

बाईंनी जाऊ दिलं नाही. सकाळी अंगणाच्या फाटकापासून उंबऱ्यापर्यंत फुलं आणि बडीशेपेचा पाला अंथरायचा असतो. त्यांनी खाली आधी गोटे पसरले, सगळे, न धुता. मी आणि इदालिनाने घमेल्याने वाहून आणले. ऊन चढलं तसे गोटे तापले.

घंटा वाजवत पाद्री आला, मागे क्रूस, मागे गाव. फाटकाच्या आत दोन पावलं टाकली आणि जागीच उभा राहिला. क्रूस धरलेला माणूस त्याला जवळजवळ धडकला. पाद्रीने खाली पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आशीर्वादाचे शब्द विसरला, पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. मी भिंतीला टेकून प्रत्येक तोंड पाहत होतो. गोटेवाला म्हणून हसलेली तोंडं असणार यांत. आज कोणी हसत नव्हतं.

सगळे गेल्यावर बाईंनी तो पेला उचलला आणि आम्हाला दफनभूमीत घेऊन गेल्या. आमादेउच्या थडग्यावर अजून दगड बसवलेला नाही, नुसती माती आणि कागदी फुलं.

"आता सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "कोठारात सांगता तसं."

म्हटलं, बाई, मला वास येत नाही, इदालिनाला सांगू दे, तिचंच नाक खरं आहे आता.

"तिच्याकडून ऐका आणि तुम्ही सांगा. गायाहून येणाऱ्या माणसाची वाट ते पाहत होते. फुली तुम्ही मारलीत."

मी पेला हातात घेतला. इदालिना माझ्या कानाशी हळूच सांगत गेली आणि मी मोठ्याने म्हणत गेलो. सुकवलेलं संत्र्याचं साल. अक्रोड. जुन्या कपाटाचा आतला कप्पा. पाऊस थांबल्यावरची ओली दगडी पाटी. जळत्या अंजिराच्या फांदीचा धूर, अगदी शेवटी. तिच्या अशा याद्यांना मी वर्षानुवर्षं हसलोय, वाइन म्हणजे काय किराणा दुकान आहे का म्हणून. आज ती थांबली तर मी विचारलं, अजून? तिने अजून सांगितलं.

मग निकाल द्यायचा होता, तो मी एकट्याने दिला. म्हटलं, आमादेउ, मी बाझिलियु सारमेंतु, गायाचा पारखी. बेचाळीस वर्षांत माझ्यासमोर आलेल्यांत हिच्या जवळपास जाणारी एकही नाही. एक थेंब बिघडलेला नाही. तुमच्या हातून काहीही गेलं नाही, जे गेलं ते माझ्या हातून.

बाईंनी पेला माझ्या हातातून घेतला, एक घोट स्वतः घेतला आणि उरलेली मातीवर ओतली. जन्मात त्यांनी ती कधी चाखली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आमादेउ कोणाला हात लावू देत नसे.

परत येताना अंगणात पिंप आडवंच पडलेलं होतं. मी खिशातून रुमाल काढला आणि फुली पुसायला वाकलो. बाईंनी मागून विचारलं, याच्या आधी कधी पुसली होती का? म्हटलं, नाही. मग नीट पुसा, म्हणाल्या, आणि पाण्याचं भांडं आणायला आत गेल्या.